तासिका कमी झाल्या तेव्हा: संख्याशास्त्रात आधी काय शिकवायचं?

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागातलं आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून संस्थेचे आणि माणसांचे तपशील बदलले आहेत. वादातले मुद्दे मात्र बैठकांमध्ये मांडले गेले तसेच ठेवले आहेत. बैठकांची टिपणं माझ्याकडे होती.

विभागाकडे दोन तऱ्हेचे विद्यार्थी यायचे. काही जण संख्याशास्त्र हाच मुख्य विषय घेतलेले असत. बाकीचे जीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, नर्सिंग अशा शाखांचे असत आणि त्यांना एका सत्राचा 'प्राथमिक संख्याशास्त्र' हा पेपर सक्तीचा होता. हे प्रकरण या दुसऱ्या गटाचं आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांचा संख्याशास्त्राशी संबंध त्या एका सत्रापुरताच.

पेपरचा क्रम नेहमीचाच होता. मध्य, मध्यक, बहुलक, मग प्रमाण विचलन, संभाव्यता, द्विपद आणि प्रसामान्य वितरण, टी आणि काय-वर्ग चाचण्या, शेवटी सहसंबंध आणि समाश्रयण. नमुना कसा निवडावा आणि प्रयोगाची आखणी कशी करावी याला एक उपघटक होता. तो सत्राच्या शेवटी घाईत उरकला जाई आणि परीक्षेत 'टीपा लिहा' या प्रश्नात दोन गुणांपुरता उगवे.

अशात या पेपरच्या तासिका जवळपास एक तृतीयांशाने कमी झाल्या.

अडचण

पहिल्या बैठकीत निघालेला तोडगा सगळीकडे निघतो तोच: प्रत्येक घटकातून थोडं थोडं कापायचं. तो सगळ्यांना पटला, कारण त्यात कोणाचंच आवडतं प्रकरण जात नव्हतं. विभागप्रमुखांनी तो मान्य केला नाही. त्यांचं म्हणणं असं की सूत्रं सगळी राहतील, फक्त ती का वापरायची हे सांगायला वेळ उरणार नाही. म्हणजे कापायला नको तेच नेमकं कापलं जाईल. त्यांनी प्रश्न उलटा केला. काय वगळायचं ते नंतर बघू. या विद्यार्थ्यांनी एकच कल्पना नीट समजून घेतली तर ती कोणती असावी, आणि का? उत्तर अभ्यास मंडळाला दोन पानी टिपणात द्यायचं होतं, आणि त्यात कारणं हवी होती, घटकांची यादी नव्हे.

पुढच्या बैठकीत प्रत्येक जण आपापला उमेदवार घेऊन आला आणि वाद लगेच रुतला. एक जण 'हे पायाभूत आहे' म्हणत होता, दुसरा 'हे सर्वाधिक वापरलं जातं' आणि तिसरा 'हे न कळल्याने सर्वाधिक घोटाळे होतात'. तिघांचंही बरोबर असू शकत होतं. तिघे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते, म्हणून कोणाचाच मुद्दा दुसऱ्याला खोडता येत नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला उमेदवार मांडला ज्येष्ठ प्राध्यापिकेने: नमुन्यागणिक होणारी चढउतार. त्याच लोकसंख्येतून पुन्हा नमुना घेतला तर सरासरी वेगळी येते, आणि किती वेगळी येईल याचा अंदाज बांधता येतो. अनुमानाचं सगळं शास्त्र यावर उभं आहे. नमुना चौपट केला की प्रमाण त्रुटी (म्हणजे या चढउताराचं माप) निम्मी होते, हे एक वाक्य ज्याला खरोखर कळलं त्याला निम्मं संख्याशास्त्र कळलं, असं त्या म्हणाल्या. मला हा दावा तेव्हाही अतिशयोक्त वाटला नाही.

दुसरा उमेदवार होता गृहीतक चाचणी आणि पी-मूल्य, म्हणजे मुळात काही फरक नसता तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता. तो मांडणारे प्राध्यापक नर्सिंगच्या वर्गाला शिकवत. त्यांचा युक्तिवाद वापराचा होता: हे विद्यार्थी पुढे जो शोधनिबंध उघडतील त्यात पी-मूल्य असणारच, ते वाचता आलं नाही तर पेपरचा उपयोग काय? यावर आक्षेपही लगेच आला. पी-मूल्य ०.०५ हून कमी असेल तरच फरक दखल घेण्याजोगा मानायचा, ही सीमारेषा संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी 1925 मध्ये सोयीची म्हणून सुचवली होती, ती निसर्गनियम म्हणून शिकवली जाते. पी-मूल्य म्हणजे गृहीतक खरं असण्याची संभाव्यता नव्हे, हे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला 2016 मध्ये जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं. जी गोष्ट संशोधकांकडूनही इतकी चुकते ती एका सत्राच्या पेपरच्या मध्यभागी ठेवायची का? प्राध्यापकांचं उत्तर होतं, चुकते म्हणूनच ठेवायची. उत्तर वजनदार होतं, पण तेवढ्यावर निकाल लागला नाही.

तिसरा उमेदवार आणला विभागातल्या सर्वांत तरुण शिक्षकाने, जो त्या ज्येष्ठ प्राध्यापिकेचाच जुना विद्यार्थी: आकडे आले कुठून? कोणाला मोजलं, कोणाला नाही, कोण कोणत्या गटात जाईल हे कोणी ठरवलं? म्हणजे जो उपघटक आजवर शेवटी उरकला जात होता, तोच.

संगणकावर माहिती हाताळण्याचं कौशल्य हा चौथा पर्यायही आला. ते शिकवायचंच आहे, पण ती कल्पना नव्हे, साधन आहे, असं म्हणून तो पाच मिनिटांत बाजूला झाला.

निकष ठरवताना

माझ्या मते या प्रकरणातला पहिला खरा निर्णय इथे झाला. कोणता उमेदवार जिंकला यापेक्षा कशावर जिंकायचं हे आधी ठरलं. विभागप्रमुखांनी प्रत्येक कल्पनेला दोन प्रश्न विचारायला सांगितले. विद्यार्थ्याला फक्त हीच कल्पना कळली आणि बाकीच्या नाहीत, तर तो काय करू शकेल? आणि बाकी सगळं कळलं पण ही नाही, तर त्याच्या हातून कोणती चूक होईल, आणि ती कोणाच्या लक्षात येईल का?

पहिल्या प्रश्नाने फारसं काही निघालं नाही. प्रत्येकाला आपल्या कल्पनेतून बरंच काही करता येईल असं वाटत होतं. दुसऱ्याने मात्र चर्चेचा रोख बदलला, कारण त्याचं उत्तर उदाहरणाने द्यावं लागत होतं. म्हणून ठरलं की प्रत्येकाने इतिहासातलं असं एक प्रकरण आणायचं, जिथे आपली कल्पना नव्हती आणि बाकीच्या कोणत्याही कल्पनेने ती उणीव भरून निघाली नाही.

निर्णायक बैठक

तरुण शिक्षकाने दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली. पहिलं 1936 चं. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि 20 लाखांहून जास्त भरून परत आल्या. त्यांवरून उमेदवारांपैकी लँडन जिंकणार आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांना सुमारे 43 टक्के मतं पडणार असा अंदाज निघाला. प्रत्यक्षात रूझवेल्टना 60 टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटार मालकांच्या याद्यांमधून घेतले होते, मंदीच्या त्या काळात ही माणसं सर्वसाधारण मतदारासारखी नव्हती. शिवाय ज्यांनी उलट टपाली उत्तर पाठवलं तेही वेगळेच होते.

दुसरं उदाहरण 1948 साली प्रसिद्ध झालेल्या, क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीचं. रुग्ण फक्त 107. त्यांपैकी 55 जणांना औषध आणि विश्रांती, 52 जणांना केवळ विश्रांती. कोण कुठल्या गटात जाईल हे डॉक्टरांनी ठरवलं नाही. ते रँडम आकड्यांवरून ठरलं आणि बंद लिफाफ्यांमध्ये ठेवलं गेलं. सहा महिन्यांत औषध घेतलेल्यांपैकी 4 दगावले, दुसऱ्या गटातले 14. औषध तेव्हा इतकं दुर्मीळ होतं की सगळ्यांना देणं शक्यच नव्हतं. काहींना ते न देण्याची नैतिक अडचण त्यामुळे आपोआप सुटली होती. वैद्यकशास्त्राने या 107 जणांवर विश्वास ठेवला.

"वीस लाखांचं उत्तर चुकलं आणि एकशे सातांचं बरोबर आलं," तो म्हणाला. "मॅडम, चौपट नमुना घेतला की त्रुटी निम्मी होते, पण ती चढउताराची. निवडीतला बायस, म्हणजे निवडच एका बाजूला झुकलेली असणं, नमुना शंभरपट केला तरी जिथल्या तिथेच राहतो. उलट मोठा आकडा बघून आपण जास्त निर्धास्त होतो."

यावर बाई लगेच काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी त्याचंच उदाहरण उचललं. "बरं. लिफाफे अगदी चोख होते असं धरू. 55 पैकी 4 आणि 52 पैकी 14, हा फरक निव्वळ योगायोगाने पडला नाही, हे तू मला चढउतार न वापरता सांग बघू." त्याला ते सांगता आलं नाही, येणं शक्यही नव्हतं. असा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी आहे, हा हिशेब त्या चाचणीच्या अहवालातच केलेला होता.

मग त्यांनी आपलं उदाहरण मांडलं: 1954 ची साल्क पोलिओ लशीची चाचणी. तिच्या एका भागात रँडम पद्धतीने सुमारे 2 लाख मुलांना लस आणि साधारण तितक्याच मुलांना लशीसारखंच दिसणारं मिठाचं पाणी टोचलं. पोलिओचं प्रमाण लशीच्या गटात लाखामागे 28 आणि दुसऱ्या गटात 71 निघालं. आता हजार-हजार मुलांचेच गट घेतले असते तर? लाखामागे 71 म्हणजे हजारामागे एकही पूर्ण रुग्ण नाही. दोन्ही गटांत एखादा रुग्ण सापडला असता, कदाचित तोही नाही. वाटणी कितीही प्रामाणिक केली तरी लस चालते की नाही हे कळलंच नसतं. बायसची जाण असलेल्या पण चढउताराची नसलेल्या माणसाने ही चाचणी छोटी करून वाया घालवली असती.

गंमत अशी की त्याच चाचणीतला आणखी एक आकडा तरुण शिक्षकाच्या बाजूने बोलत होता, आणि तोही बाईंनीच सांगितला. ज्यांच्या पालकांनी संमती दिली नाही त्या मुलांमध्ये पोलिओचं प्रमाण लाखामागे 46 होतं. म्हणजे लस न मिळालेल्या दोन गटांतही फरक, 71 आणि 46. संमती देणारी घरं तुलनेने सुस्थितीतली, अधिक स्वच्छ. अस्वच्छ वातावरणातल्या मुलांना हा संसर्ग अगदी तान्हेपणी, आईकडून आलेली प्रतिपिंडं अंगात असतानाच होऊन जाई आणि प्रतिकारशक्ती तयार होई. स्वच्छ घरातल्या मुलांना तो उशिरा आणि जास्त धोक्याच्या वयात गाठे. चाचणीच्या दुसऱ्या भागात गट रँडम पद्धतीने पाडले नव्हते. तिथे दुसरीतल्या, संमती मिळालेल्या मुलांना लस दिली आणि पहिली-तिसरीच्या सगळ्या मुलांशी तुलना केली. आकडे आले 25 आणि 54. लशीचा परिणाम तिथेही दिसला, पण खऱ्याहून कमी.

एकाच चाचणीत दोन्ही कल्पना लागत होत्या. बैठक इथे 'दोन्ही महत्त्वाच्या' म्हणून संपली असती. विभागप्रमुखांनी निकषातला राहिलेला भाग पुढे केला: चूक कोणाच्या लक्षात येईल का?

निकाल लागला तो इथे. चढउताराची मोजदाद हातातल्या नमुन्यातूनच करता येते. प्रमाण त्रुटी त्याच आकड्यांमधून निघते, सॉफ्टवेअर ती न मागता छापतं, आणि एखाद्याने दुर्लक्ष केलं तर पुढचा वाचक हिशेब करून चूक दाखवू शकतो. निवडीतला बायस आकड्यांमध्ये बहुधा कुठलीच खूण सोडत नाही. त्या वीस लाख मतपत्रिका कितीही वेळा मोजल्या तरी न आलेल्या लोकांचं मत त्यांतून निघणार नव्हतं. शिवाय माहिती गोळा झाल्यावर हिशेब शिकता येतो, तज्ज्ञाला विचारता येतो. कोणाला मोजायचं हे मात्र माहिती गोळा करण्याआधी विचारावं लागतं. त्या क्षणी जवळ संख्याशास्त्रज्ञ नसतो, हेच विद्यार्थी असतात. म्हणून 'आकडे आले कुठून?' हा तिसरा उमेदवार निवडला गेला.

बाईंचं मत बदललं नाही. त्यांचा आक्षेप असा होता की लोक मुळातच 'इतक्या थोड्यांना विचारून काय कळणार?' म्हणत असतात. त्यांना आधी बायस शिकवला तर ते प्रत्येक पाहणी उडवून लावायला शिकतील आणि त्यालाच चिकित्सा समजतील. हा आक्षेप टिपणात त्यांच्याच शब्दांत घालायचा, असं ठरलं.

काय केलं

टिपणात आधी दावा होता, मग कारण, मग त्यावरचा सगळ्यात मजबूत आक्षेप आणि शेवटी किंमत, म्हणजे या निवडीमुळे काय जाणार. किंमत स्पष्ट लिहिली होती: वर्गीकृत सारणीवरून मध्यक-बहुलक काढण्याची सूत्रं, विषमतेचे गुणांक, द्विपद वितरणाची लांबलचक गणितं, टी-कोष्टकावरून हाताने सोडवायची उदाहरणं. अभ्यास मंडळात सर्वाधिक चर्चा याच भागावर झाली. प्रमाण विचलन आणि सहसंबंध हाताने काढता आलेच पाहिजेत, या अटीवर मंजुरी मिळाली.

पेपरची सुरुवात बदलली. पहिल्या तासाला सरासरी नव्हे, तर एक बातमी आणि चार प्रश्न: कोणाला मोजलं, कोण सुटलं, गट कोणी पाडले, आणि जे मोजलं ते कशाच्या नावाने सांगितलं. बर्कली विद्यापीठातल्या 1973 च्या प्रवेशांचे आकडे सहसंबंधाच्या आधीच आले. एकूण बघता 44 टक्के पुरुषांना आणि 35 टक्के स्त्रियांना प्रवेश, पण विभागवार पाहिलं की तो भेद जवळजवळ दिसेनासा होतो, कारण प्रवेश मिळणं मुळातच कठीण असलेल्या विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त होते.

चढउतार दुसऱ्या भागात शिकवला, आणि ती रचना बाईंनीच केली. 107 चिठ्ठ्या, त्यांतल्या 18 वर खूण, कारण दोन्ही गट मिळून 18 मृत्यू झाले होते. चिठ्ठ्या पिसायच्या, 55 बाजूला काढायच्या, खुणेच्या किती आल्या ते फळ्यावर लिहायचं, पुन्हा पिसायच्या. नऊच्या आसपास आकडे दाटतात. चार किंवा त्याहून कमी क्वचितच येतात. पी-मूल्य म्हणजे काय हे सूत्राशिवाय समोर दिसतं, म्हणून नर्सिंगच्या प्राध्यापकांचीही तक्रार बरीच मिटली. पूर्ण अभ्यासक्रमात मला सगळ्यात आवडलेला भाग हा आहे, आणि तो हरलेल्या बाजूने तयार केला होता.

परिणाम

चांगला परिणाम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांमध्ये दिसला. आधी प्रश्नावली वर्गाच्या मोबाइल ग्रुपवर टाकायची आणि आलेल्या उत्तरांवर काय-वर्ग चाचणी लावायची, ही रीत होती. आता निदान काही गट किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तर दिलं हे लिहू लागले. झोपेच्या सवयींवर काम करणाऱ्या एका गटाने उत्तर न देणाऱ्यांपैकी काहींना प्रत्यक्ष भेटून तेच प्रश्न विचारले. असं कोणी सांगितलेलं नव्हतं.

पण बाईंनी वर्तवलेलं संकटही आलं. उत्तरपत्रिकांमध्ये 'यात बायस आहे' हे वाक्य प्रत्येक अभ्यासाखाली जसंच्या तसं येऊ लागलं. रँडम वाटणी केलेल्या चाचणीलाही विद्यार्थी तोच शेरा मारत. पुढच्या वेळी प्रश्नांची रचना बदलावी लागली: बायस आहे म्हणत असाल तर आकडा कोणत्या बाजूला झुकेल ते सांगा, आणि निष्कर्ष उलटायला तो किती झुकावा लागेल तेही. साल्क चाचणीचा दुसरा भाग इथे नेमका उपयोगी पडला. तिथे बायस होता, पण तो लशीच्या विरुद्ध बाजूला होता. तरीही लस उपयोगी ठरली, म्हणजे निष्कर्ष आणखी भक्कम झाला. हे ज्यांना मांडता आलं त्यांना विषय कळला होता.

वेगळं काय करता आलं असतं

परीक्षा आधी बदलायला हवी होती. पहिल्या वर्षी अभ्यासक्रम नवा आणि प्रश्नपत्रिकेचा साचा जुनाच राहिला. विद्यार्थ्यांनी जुन्या प्रश्नपत्रिका बघून आपलं धोरण ठरवलं आणि पहिल्या भागाकडे पाठ फिरवली. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

दुसरी गोष्ट बाईंनी नंतरच्या एका बैठकीत हसत हसत लक्षात आणून दिली. गटाने वापरलेली उदाहरणं सगळी गाजलेली होती, आणि गाजलेली होती म्हणूनच सापडली. निवडीतल्या बायसचं महत्त्व सिद्ध करायला निवडलेली उदाहरणंच निवडक होती. त्यापेक्षा इतर विभागांतले जुने प्रकल्प आणि प्रबंध काढून त्यांतल्या चुकांची वर्गवारी करायला हवी होती. ते काम कंटाळवाणं होतं आणि बैठकींची मुदत कमी होती. माझा अंदाज आहे की निकाल तोच लागला असता, पण अंदाजच. नर्सिंगच्या प्रबंधांमध्ये पी-मूल्याच्या चुका जास्त निघाल्या असत्या तर दुसऱ्या उमेदवाराचं पारडं जड झालं असतं.

'एकच कल्पना' हा आग्रह कृत्रिम होता का, यावर विभागात अजून एकमत नाही. मला तो उपयोगी वाटतो. दोन नावांना परवानगी असती तर चूक लक्षात येते का हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. त्याचा तोटा मात्र उशिरा दिसला. टिपणाच्या मथळ्यात 'संख्याशास्त्रातील सर्वांत महत्त्वाची कल्पना' असं लिहिलं होतं. 'या विद्यार्थ्यांसाठी' हे शब्द दुसऱ्या परिच्छेदात होते. मुख्य विषयाच्या पेपरची फेररचना निघाली तेव्हा कोणीतरी तेच टिपण पुढे सरकवलं. ते विद्यार्थी तीन वर्षं संख्याशास्त्रच शिकणार, माहिती गोळा होताना हजर असणार, आणि पुढे इतरांचे हिशेब तेच तपासणार. दोन प्रश्न तेच ठेवले तरी त्यांच्यासाठी उत्तर वेगळं येऊ शकतं. त्या पेपरच्या टिपणाचा मसुदा सध्या ज्येष्ठ प्राध्यापिका लिहीत आहेत. पहिल्या जागी चढउतार आहे, आणि आक्षेपाचा रकाना त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडे पाठवला आहे.